दातांवरचे कीटण आणि रक्ताचा कर्करोग

रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळ्यातून एखादा रुग्ण रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेण्यासाठी मुंबईला, परळला जातो. तिथे रक्त तपासतात, हाडातला मगज तपासतात, हे घरच्यांना अपेक्षितच असते. पण औषध सुरू होण्यापूर्वी डॉक्टर रुग्णाला आ करायला सांगतात. किडलेले दात किती, हिरड्या सुजल्या आहेत का, हे पाहतात. मिसरी लावत असल्यास बंद करायला सांगतात, मऊ ब्रश वापरायला सांगतात, दिवसातून अनेकदा चुळा भरायला लावतात. घरची माणसे बुचकळ्यात पडतात. रोग रक्तात, मग दात कसले पाहता?

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर मिळायला वैद्यकाला बराच काळ लागला. मधल्या काळात एकदा या प्रश्नाचे पूर्ण उलटे उत्तर दिले गेले, आणि त्यापायी असंख्य लोकांचे चांगले दात उपटले गेले. या कथेतला एक महत्त्वाचा धागा परळच्याच परिसरात विणला गेला. तो धागा धरून आपण ही कथा पाहू.

दात कोरून काय मिळाले?

दात कोरून पोट भरत नाही असे आपण म्हणतो. पण दात कोरून विज्ञानाची एक शाखा मात्र उभी राहिली. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक स्वतः भिंगे घासून सूक्ष्मदर्शक बनवत असे. १६८३ साली त्याने आपल्या दातांमधील पांढरे कीटण काढून पाण्यात कालवले आणि भिंगाखाली धरले. त्यात त्याला असंख्य हलणारे जीव दिसले. त्याने त्यांची चित्रे काढून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. माणसाने पाहिलेल्या पहिल्या जीवाणूंमध्ये हे तोंडातले जीवाणू येतात.

हे जीव काही अपाय करतात का, हा प्रश्न मात्र पुढची दोनशे वर्षे कोणी गंभीरपणे विचारला नाही. पाश्चर आणि कॉख यांनी रोग आणि जंतू यांचे नाते सिद्ध केल्यावर दृष्टी बदलली. कॉख यांच्या बर्लिनमधील प्रयोगशाळेत डब्ल्यू. डी. मिलर हा अमेरिकन दंतवैद्य काम करत होता. तोंडातले जीवाणू अन्नातील पिठूळ व गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते, असे त्याने दाखवून दिले. १८९० साली त्याने मुखातील सूक्ष्मजीवांवर ग्रंथ लिहिला. तोंड हे शरीरातील इतर रोगांचेही उगमस्थान असू शकेल, अशी शंकाही त्याने मांडली.

दरम्यान रक्ताच्या कर्करोगाची ओळख वेगळ्या वाटेने पटली होती. १८४५ साली बर्लिनमध्ये फिरखो आणि एडिंबरामध्ये बेनेट यांनी असे रुग्ण वर्णन केले, की ज्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी अफाट वाढल्या होत्या. १८४७ साली फिरखोने या रोगाला ल्युकेमिया हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पांढरे रक्त. मिलरचे तोंड आणि फिरखोचे रक्त यांची गाठ पडायला अजून शंभर वर्षे होती.

हंटर यांचा आरोप

लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर रक्तक्षयाच्या एका प्राणघातक प्रकाराचा अभ्यास करत होते. या रोगात तांबड्या पेशी सतत कमी होत जातात आणि त्या काळी रुग्ण हमखास दगावत असे. हंटर यांना एक गोष्ट जाणवली. अशा रुग्णांची जीभ लालबुंद, गुळगुळीत व हुळहुळी झालेली असते आणि अनेकांचे दात किडलेले असतात. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की तोंडातील पूतिजंतूंचे विष शरीरात जाते आणि रक्ताचा नाश करते. १९०० साली त्यांनी हे मत जाहीरपणे मांडले. १९१० साली कॅनडातील माँट्रियल येथे भाषण देताना त्यांनी दातांवर चढवलेल्या सोन्याच्या टोप्यांना दोष दिला. या टोप्यांखाली घाण साचते आणि तीच अनेक रोगांचे मूळ आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

या भाषणाचा परिणाम फार मोठा झाला. सांधेदुखी असो, अशक्तपणा असो की मनोविकार असो, शरीरात कुठेतरी जंतूंचा अड्डा आहे असे धरून चालण्याची प्रथा पडली. अड्डा म्हणजे बहुधा दात किंवा टॉन्सिल. मग ते काढून टाकायचे. दोन-तीन दशके युरोप-अमेरिकेत हा धडाका चालू राहिला.

येथे शिक्षकांनी वर्गात थांबून विचारावा असा एक प्रश्न आहे. हंटर यांचे निरीक्षण खोटे होते का? नव्हते. जीभ खरोखरच लाल होती आणि रक्त खरोखरच कमी होते. दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तेव्हा पहिली दुसरीचे कारण आहे असे त्यांनी मानले. पण दुसरी पहिलीचे कारण असू शकते, किंवा दोन्हींचे कारण तिसरेच असू शकते. हंटर यांनी या शक्यता तपासल्या नाहीत.

परळमध्ये लागलेला छडा

तिसरे कारण शोधण्याचे काम ज्यांनी पुढे नेले, त्यांत लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाईंचे नाव फार वरचे आहे. मुंबईतील गरीब गर्भवती स्त्रियांमध्ये एक तीव्र रक्तक्षय आढळत होता आणि त्यात अनेकींचा बळी जात होता. त्याचा शोध घेण्यासाठी विल्स १९२८ साली भारतात आल्या. त्यांचे काम परळच्या हाफकिन संस्थेत चाले. भोवती गिरण्यांची धुराडी आणि कामगारांच्या चाळी. या गिरण्यांतले कामगार कुठून येत? त्यांतला फार मोठा हिस्सा रत्नागिरी जिल्ह्यातला होता. मिरजोळ्याच्या पंचक्रोशीतल्या कित्येक घरांचा परळ-लालबागशी असलेला संबंध त्या काळापासूनचा आहे.

विल्स यांनी एस. एन. तळपदे यांच्यासोबत मुंबईतील स्त्रियांचा आहार आणि त्यांची राहणी यांची पाहणी केली आणि ती १९३० साली प्रसिद्ध झाली. ज्या बायकांच्या जेवणात भाजीपाला, फळे आणि प्रथिने फार कमी, त्यांच्यात हा रक्तक्षय अधिक दिसत होता. मग त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. तसाच निकस आहार दिला, तर प्राणीही आजारी पडत. यीस्टचा अर्क दिला, तर ते सुधारत. मार्माइट या नावाने हा अर्क बाजारात स्वस्तात मिळत असे. विल्स यांनी तो रुग्ण स्त्रियांना दिला आणि काही दिवसांतच त्यांच्या रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. १९३१ साली हा निष्कर्ष त्यांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे ठेवला.

त्यापूर्वीच, १९२६ साली, अमेरिकेत मायनट आणि मर्फी यांनी हंटर यांच्या प्राणघातक रक्तक्षयावर यकृत खाऊ घालण्याचा उपाय शोधला होता. म्हणजे दोन्ही रक्तक्षयांचे मूळ अन्नघटकाच्या अभावात होते. एकात ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, दुसऱ्यात यीस्टमधल्या त्या अनामिक द्रव्याचा. १९४१ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून एक द्रव्य थोड्या प्रमाणात वेगळे केले आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव दिले. विल्स यांचे द्रव्य हेच, हे पुढे स्पष्ट झाले.

आता लाल जिभेचाही उलगडा झाला. ब-१२ आणि फॉलिक आम्ल ही दोन्ही नव्या पेशी बनण्यासाठी लागतात. ज्या ठिकाणी पेशी झपाट्याने बनतात, तिथे त्यांचा तुटवडा आधी जाणवतो. अशा दोन जागा म्हणजे हाडातला मगज आणि तोंडाचे आतले अस्तर. मगजात पेशी बनल्या नाहीत की रक्त कमी होते. अस्तरात बनल्या नाहीत की जीभ सोलवटते. दोन्ही परिणामांचे कारण एकच होते. तोंडातले जंतू या गुन्ह्यात निर्दोष ठरले. १९३८ साली अमेरिकेतील सेसिल आणि अँजेव्हाइन या डॉक्टरांनी २०० संधिवाताच्या रुग्णांचा आढावा घेऊन दात-टॉन्सिल काढण्याचा उपयोग होत नाही असे लिहिले, आणि हंटर यांच्या मताचा जोर ओसरला.

औषध लागू पडले, तोंड आले

बोस्टनच्या बालरुग्णालयात सिडनी फार्बर हे डॉक्टर ल्युकेमिया झालेल्या मुलांवर उपाय शोधत होते. फॉलिक आम्लाची संयुगे दिल्यावर रोग अधिक वेगाने वाढतो असे त्यांना वाटले. त्यांनी उलटा विचार केला. फॉलिक आम्ल पेशी वाढवत असेल, तर त्याच्यासारखे दिसणारे पण काम न करणारे द्रव्य दिले, तर कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबेल. चुकीची किल्ली कुलपात अडकवून ठेवावी तसे.

अशी खोटी किल्ली तयार करणारे रसायनतज्ज्ञ लेडर्ले कंपनीत होते आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. मद्रासला वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले आणि पुढे मायदेशी परतलेच नाहीत. त्यांच्या चमूने आधी फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत बनवले आणि मग अमिनोप्टेरिन हा त्याचा विरोधक. डिसेंबर १९४७ मध्ये फार्बर यांनी ते औषध द्यायला सुरुवात केली. जून १९४८ मध्ये त्यांनी लिहिले, की १६ मुलांपैकी १० जणांचा रोग काही काळापुरता हटला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले.

पण त्या मुलांना एक त्रास झाला. त्यांचे तोंड आले, आत व्रण पडले. आता आपल्याला याचे नवल वाटायला नको. जे औषध फॉलिक आम्लाची वाट अडवते, ते मगजाची आणि तोंडाच्या अस्तराचीही अडवणारच. विल्स यांच्या रुग्णांत अन्नाच्या तुटवड्याने जे घडत होते, ते येथे औषधाने घडवले. अमिनोप्टेरिनची जागा लवकरच मेथोट्रेक्सेट या त्याच कुळातल्या औषधाने घेतली. ते आजही वापरात आहे आणि तोंड येणे हा त्याचा ओळखीचा दुष्परिणाम आजही आहे.

पहारेकरी मोजले

नवी औषधे आली आणि रुग्ण अधिक दिवस जगू लागले. मग ते कशाने दगावतात हे दिसू लागले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत १९५४ ते १९६३ या काळातील ४१४ ल्युकेमिया रुग्णांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला. जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव ही दोन मुख्य कारणे निघाली.

संसर्ग कोणाला होतो? या प्रश्नाचे मोजून दिलेले उत्तर १९६६ साली आले. जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५२ ल्युकेमिया रुग्णांच्या पांढऱ्या पेशी वेळोवेळी मोजल्या आणि प्रत्येक संसर्गाची नोंद ठेवली. या निबंधाच्या चार लेखकांत वाय. एस. साठे असे एक नाव आहे. पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल नावाच्या पेशी असतात. जंतूंना गिळून मारणे हे त्यांचे काम. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या साधारण २,००० ते ७,००० असतात. ही संख्या १,००० च्या खाली गेली की संसर्ग वाढतात, ५०० च्या खाली धोका मोठा आणि १०० च्या खाली फारच मोठा. शिवाय संख्या जितके अधिक दिवस खाली राहील, तितकी संसर्गाची शक्यता वाढते. रक्ताच्या कर्करोगात एकूण पांढऱ्या पेशी भरमसाट असल्या, तरी त्यांतल्या बहुतेक अपक्व आणि निकामी असतात. पहारेकऱ्यांचे कपडे घातलेली गर्दी असते, पहारेकरी नसतात. आणि औषध सुरू झाले की ही गर्दीही जाते आणि उरलेसुरले पहारेकरीही.

घरातलेच जंतू

१९३५ साली लंडनमध्ये ओकेल आणि एलियट यांनी दात काढल्यावर लगेच रुग्णांचे रक्त तपासले. निम्म्याहून अधिक जणांच्या रक्तात तोंडातले साखळीजंतू सापडले. पण थोड्याच वेळात ते नाहीसे झाले. चावताना, दात घासताना आपल्या सर्वांच्या रक्तात असे थोडे जंतू शिरतात. हृदयाच्या झडपा खराब नसतील, तर न्यूट्रोफिल आणि इतर पेशी त्यांचा लगेच निकाल लावतात. आपल्याला पत्ताही लागत नाही.

आता ल्युकेमियाच्या रुग्णाचे चित्र डोळ्यांपुढे आणा. औषधाने तोंडाचे अस्तर फाटले आहे. लाळ कमी झाली आहे. हिरडीच्या फटीत एरवी सतत येऊन गस्त घालणारे न्यूट्रोफिल नाहीत. साखळीजंतू मात्र होते तिथेच आहेत. मिटिस या जातीचे साखळीजंतू निरोगी माणसाच्या तोंडात जन्मभर निमूटपणे राहतात. पण १९७० आणि १९८० च्या दशकांत डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागले, की पांढऱ्या पेशी खालावलेल्या रुग्णांच्या रक्तात हेच गरीब जंतू वारंवार सापडतात, आणि काहींना रक्तदाब कोसळून मृत्यूच्या दारात नेतात. आतड्यातल्या जंतूंना आवरणारी प्रतिजैविके रुग्णांना आधीच दिली जाऊ लागली होती. ती या साखळीजंतूंवर फारशी चालत नसल्याने यांना रान मोकळे मिळाले, हेही एक कारण होते. पुढे जनुकीय ठसे जुळवून पाहता काही रुग्णांच्या तोंडातला आणि रक्तातला जंतू एकाच वाणाचा निघाला.

अर्थात रक्तात येणारा प्रत्येक जंतू तोंडातून येतो असे नाही. आतड्याचे अस्तरही असेच फाटते. शिरेत बसवलेल्या नळीतूनही जंतू शिरतात. तोंड हा अनेक दरवाजांपैकी एक. मात्र आपल्याला डोळ्यांनी दिसणारा आणि हाताने साफ ठेवता येणारा दरवाजा हाच.

मग हंटर बरोबर होते का? तोंडातून जंतू रक्तात जातात, एवढे त्यांचे म्हणणे खरे होते. त्यांनी रक्तदोषाचे खापर जंतूंवर फोडले, ते चुकले. येथे आधी रक्त बिघडते, भिंत पडते, आणि मग घरातलेच जंतू उलटतात. कारण आणि परिणाम यांची दिशा बदलली की उपचारही बदलतो. हंटर यांच्या अनुयायांनी सरसकट दात उपटले. आजचे डॉक्टर जो दात खरोखर सडला आहे, तोच शक्यतो औषध सुरू होण्यापूर्वी काढतात किंवा भरतात. पांढऱ्या पेशी आणि रक्तबिंबिका तळाला असताना दाताला हात लावणे टाळतात. मऊ ब्रश आणि मिठाच्या किंवा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याच्या चुळा यांवर त्यांचा भर असतो. हिरडीला टोचणारी काडी किंवा खरखरीत मंजन मना असते.

पुन्हा परळ, आणि शाळा

परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, हाफकिन संस्थेपासून हाकेच्या अंतरावर. भारतातील पहिले मगजरोपण १९८३ साली तिथेच डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. १९८४ पासून मुंबई, मद्रास आणि दिल्ली येथील तीन केंद्रांनी मुलांच्या व तरुणांच्या तीव्र लसिकापेशी ल्युकेमियासाठी एकच उपचारपद्धती वापरायला घेतली. तोवर २० टक्क्यांहून कमी रुग्ण वाचत. या पद्धतीने चार वर्षांनंतर रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण ४५ ते ६० टक्क्यांवर गेले. याचे श्रेय औषधांइतकेच पूरक शुश्रूषेला दिले जाते, म्हणजे संसर्ग ओळखणे, प्रतिजैविके व रक्त वेळेवर देणे इत्यादी. आज परिणाम याहून सुधारले आहेत.

म्हणूनच ही कथा शाळेपर्यंत येते. या ल्युकेमियाचा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. शेवटच्या लांब टप्प्यात मूल बहुधा घरी असते आणि अनेकदा शाळेतही येते. या काळात आठवड्यातून एकदा त्याला मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या असतात. आणि आपल्या शाळांतून आठवड्याला आणखी एक गोळी वाटली जाते. प्राथमिक वर्गांना गुलाबी, वरच्या वर्गांना निळी. तिच्यात लोह असते आणि फॉलिक आम्ल असते. एक गोळी लूसी विल्स यांच्या शोधाची, दुसरी त्या शोधाला आडवी जाणारी. बाकीच्या मुलांना ती शाळेची गोळी हितकारकच आहे. पण उपचार चालू असलेल्या मुलाला ती त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. गोळ्या वाटणाऱ्या शिक्षकाला हे ठाऊक असायला हवे.

दुसरी गोष्ट तापाची. अशा मुलाला ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप आला, तर तो साधा ताप समजू नये. पेशी खालावलेल्या असतील, तर पू होत नाही, सूज येत नाही, कारण पू बनवणाऱ्या पेशीच नसतात. ताप हीच काय ती खूण. अशा वेळी प्रतिजैविक पहिल्या तासाभरात मिळावे असा आजचा दंडक आहे. मिरजोळ्याहून परळ सव्वातीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. रेल्वेनेही पाच-सहा तास सहज जातात. तेव्हा पॅरासिटामॉल देऊन सकाळची गाडी पकडू, असे म्हणून चालत नाही. आधी रत्नागिरीतले जवळचे रुग्णालय गाठायचे, मुलाचे उपचाराचे कागद दाखवायचे आणि तिथूनच परळच्या डॉक्टरांशी बोलायचे. पालक कामावर असतील, तर ताप प्रथम शिक्षकालाच जाणवतो. मुलाचे तोंड आले असेल, डबा तसाच परत जात असेल, हेही त्यालाच दिसते.

तिसरी गोष्ट इतर मुलांसाठी. रक्ताचा कर्करोग संसर्गाने पसरत नाही. आजारी मुलापासून वर्गाला धोका नाही. धोका असलाच तर वर्गातल्या कांजिण्यांचा आणि गोवराचा त्या मुलाला असतो. अशी साथ आली, तर पालकांना त्याच दिवशी कळवावे.

शाळेत चांगला सूक्ष्मदर्शक असेल, तर दातांवरचे थोडे कीटण पाण्याच्या थेंबात घेऊन विद्यार्थ्यांना जरूर दाखवा. लेव्हेनहूकला दिसलेले जीव त्यांनाही दिसतील. हे वाईट की चांगले, असे कोणी विचारले, तर घाईने उत्तर देऊ नका. भिंत कशी आहे आणि पहाऱ्यावर कोण आहे, हे आधी विचारायला शिकवा.